करीम मास्तरला गाव रडवायचं होतं

शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढली. तिच्यात करीम मास्तरवर दीड ओळ आहे. 'गावात काही काळ नाटके बसविणारे हौशी शिंपी.' झालं. हौशी शिंपी म्हणजे काय, ते मला अजून समजलं नाही. शिवायची हौस होती का त्याला? शिवायची तर त्याला अजिबात हौस नव्हती. माझ्या लग्नातल्या कोटाची एक बाही त्यानं लग्नानंतरच्या दिवाळीला दिली.

मी तिसरी पास माणूस. चौथीत बसलो होतो, पण गुरुजीशी पटलं नाही म्हणून उठून आलो, तो आलोच. तरी एवढं मला समजते की दीड ओळीत मास्तरची टोपीसुद्धा मावत नाही. स्मरणिका काढणाऱ्याला जाऊन तसं सांगितलं. तो म्हणे, "काका, मग तुम्हीच लिहा ना." त्याला वाटलं म्हातारा गप बसेल. म्हणून लिहितो आहे. शाळेची भाषा अन् घरची भाषा यांची मिसळ झाली असेल तर ज्यानं त्यानं निवडून घ्यावी.

मास्तरचं दुकान मारोतीच्या पारासमोर, कडुनिंबाखाली. एक मशीन, एक बाकडा, अन् खुंट्यांवर गावाचे अर्धे शिवलेले कपडे. गळ्यात टेप कायम. जेवताना टेप, बाजारात टेप. नमाजाला जाताना तेवढा काढून खुंटीला अडकवे. अन् नाटकात कोणाला कोणतं काम द्यायचं, हे तो त्या टेपनं ठरवे. हसू नका, खरं सांगतो. आधी छातीचं माप घेई. मग म्हणे, "आता श्वास भर. असा भर का सासरवाडीचे लोक समोर उभे हायेत." मग पुन्हा माप. दोन इंच फुगली तर राजा, एक इंच तर प्रधान, त्याच्या खाली सगळे भालदार-चोपदार.

माझी तीन इंच फुगली. मास्तरनं टेप उलटा-सुलटा करून पाहिला. मग मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं अन् म्हणाला, "चेहऱ्याचं काही खरं नाई तुह्या, पण भाता लोहाराचा हाय."

तेव्हापासून मी राजा. मास्तर होता तोवर दुसरं काम केलं नाही. दिलं असतं तरी घेतलं नसतं.

एकदा काम ठरलं की मास्तर माणसाचं खरं नाव विसरून जाई. रस्त्यात, बाजारात, मयतीतसुद्धा. "महाराज, बैल पाण्यावर नेले का?" "प्रधानजी, तुमची बकरी माह्या दुकानात शिरली, कापड खाऊन राह्यली." प्रधानजी म्हणजे आमचा दादाराव, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतला. अंगानं काडी, छाती बरोब्बर एक इंच फुगणारी, अन् तोंड असं की दगडालाही टोमणा मारेल. मास्तरचं ऐकून सारं गाव मला महाराज म्हणू लागलं. एक नवा ग्रामसेवक आला होता. दोन-चार जणांच्या तोंडून 'महाराजांना विचारा, महाराजांना विचारा' ऐकून तो बिचारा नारळ घेऊन माझ्या घरी दर्शनाला आला. मी त्या वेळी शेणाचं टोपलं डोक्यावर घेऊन उभा. त्यानं विचारलं, "महाराज कुठे बसतात?" मी म्हटलं, "बसायले टाइम कुठी हाय?" नारळ मात्र ठेवून घेतला.

तालीम कुठं होई, हे त्या स्मरणिकेवाल्याला माहीतच नाही. तालीम वावरात होई. पहिल्या वेचणीच्या दिवशी पऱ्हाटीपुढं, म्हणजे कपाशीच्या झाडापुढं, दहीभात ठेवून सीतादही करतात आमच्याकडे. ती पूजा आटोपली की मास्तर छत्री घेऊन वावरात हजर. पाया पडे, प्रसादाचा दहीभात खाई, मिशी पुसे अन् म्हणे, "चला, राजे लोक, आपापल्या तासाले लागा." मग एक राजा या टोकाच्या तासात, म्हणजे ओळीत, प्रधान त्या टोकाच्या तासात, अन् मास्तर धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, छत्रीखाली. तो एक वाक्य वाचे, आम्ही ते म्हणायचं. आमच्यातल्या कितीतरी जणांना वाचता येत नव्हतं, मला येते पण मी कशाला वाचू? वाक्य म्हणायचं अन् बोंडं वेचायची, दोन्ही एका वेळी. हात थांबला की मास्तर ओरडे. म्हणे, "हात कामात असला का तोंड खरं बोलते. हात रिकामा झाला का माणूस अ‍ॅक्टिंग करते." अन् आवाज लहान झाला की त्याची एकच आरोळी, "धुरा गाठ!" या धुऱ्यावरून निघालेला शब्द त्या धुऱ्याला पोचला पाहिजे, हीच त्याची सारी शाळा. माईक त्याला आवडत नव्हता. म्हणे, "माईक म्हणजे रेडिमेड पायजमा. कोणालेही येते, कोणालेच बसत नाई."

या तालमीचा एक परिणाम असा झाला की मधल्या तासांत वेचणाऱ्या बायांना सारी नाटकं पाठ झाली. शब्द त्यांच्या डोक्यावरूनच जात ना दिवसभर! त्यांच्यात माझी गिरजावहिनी, मोठ्या भावाची बायको, सगळ्यांत पक्की. मी अडलो की ती पऱ्हाटीतून मुंडकं वर काढी. "भाऊजी, 'सिंहासन' झाल्यावर 'धिक्कार' हाय. तुमी धिक्कार खाऊन टाकला." मास्तर तिला म्हणे, "भाभी, स्टेजवर या. राणीचं काम तुमचं." ती म्हणे, "मी? चार लोकांत तोंडाले रंग लावून? मास्तर, उन्हं लागली काय तुमाले?" मग राणीचं काम सलूनवाला गुलाब करी. गुलाब दिसायचा बरा, पण दाढी दुपारपर्यंत परत येई.

आता मास्तरचं दुःख सांगतो. त्याचं दुःख एकच. आमचं गाव नाटकाला हसते. विनोदी नाटकाला हसते, ते ठीक. पण मास्तर दुःखाचा सीन घाली, तरी हसते. एका वर्षी राणी विष पिते, असा शेवट होता. मागं पेटीवाला एकच सूर धरून बसलेला, गुलाबनं थरथरत पेला ओठाला लावला, अन् गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "फुकून पेय वो बाई, गरम असन!" झालं. राणीच हसून खाली बसली. मास्तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडून नुसता बसला. मशीनचं चाक हातानं फिरवत म्हणाला, "महाराज, साऱ्या जिंदगीत एक माणूस रडला नाई माह्या नाटकात. एक. लहान पोट्टंसुद्धा नाई."

मग ती वर्षं आली. कापसाची वाईट वर्षं म्हणतात ती. अळी पडली, पाणी गेलं, माल आला तर भाव आला नाही. त्यावर पेपरात लय लिहून आलं आहे, मी त्यात भर टाकत नाही. मी फक्त एवढं सांगतो की गाव गप झालं. पारावर माणसं बसत, पण एकमेकाकडे पाहत नसत. माझा मोठा भाऊ, जो बैलाशीसुद्धा तासन् तास बोले, तो घरात 'हो' अन् 'नाही' एवढ्यावर आला. जेवणाचं ताट जसंच्या तसं परत जाई. गिरजावहिनी वेचताना वाक्यं दुरुस्त करायची थांबली, तेव्हा मला समजलं की घरात काहीतरी फार बिघडलं आहे.

अशा वर्षी नाटक होणार नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. अन् मास्तर पारावर आला, तर हातात नवं नाटक. स्वतः जुळवलेलं. राजा खोट्या चुगलीवर विश्वास ठेवतो अन् आपल्या इमानदार म्हाताऱ्या प्रधानाला मारून टाकतो. मग खरं समजते. मरता प्रधान राजाच्या मांडीवर. राजाचा विलाप. मग प्रधानाच्या बायकोचा विलाप. दोन विलाप! एकही विनोद नाही.

दादाराव म्हणाला, "मास्तर, रडायलेच पाह्यजे ना? तं कापसाची बंडी भरून बजारात चाल माह्यासंगं. लाइनीत उभा राह्य. फुकटात रडशीन, नाटक कायले पाह्यजे?"

सगळे हसतील असं दादारावला वाटलं. कोणी हसलं नाही.

मास्तरनं दातानं दोरा तोडला. म्हणाला, "तिथी माणूस एकला रडते, प्रधानजी. तोंड फिरवून. मले सारं गाव एका जागी बसवून रडवायचं हाय. एकदा. एकदा रडलं हे गाव, का मी टेप खुंटीले टांगतो. मंग तुमी आजाद अन् मी आजाद."

दादारावच उठला, सदरा वर केला अन् म्हणाला, "घे माप. मरायचं हाय तं नीट मरू."

त्या वर्षी कापूस थोडा, तरी तालीम वावरातच झाली. विरळ बोंडं, त्यामुळे वेचायला वेळ कमी लागे अन् वाक्यं जास्त होत. मास्तर विलापाच्या मागे लागला होता. 'प्रधानजी, डोळे उघडा! तुमच्या राजाला एकदा शेवटची हाक द्या!' हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशेब नाही. म्हणायचं अन् बोंड ओढायचं, ओटीत टाकायचं. म्हणायचं, ओढायचं, टाकायचं. शेवटी शेवटी असं झालं की ते वाक्य आलं की बोटं आपोआप चालत. मास्तर खूश. "आता बसलं! आता रक्तात गेलं, महाराज!"

हे जे रक्तात गेलं, त्यानंच घात केला.

जत्रेच्या दिवशी दुपारी नाटक ठेवलं. संध्याकाळी लाइट राहील याचा भरवसा नव्हता. दोन बंड्या जोडून त्यावर फळ्या टाकल्या. पडदा मास्तरनं खताच्या रिकाम्या पोत्यांचा शिवला होता. त्यावर हिरवा रंग देऊन महाल काढला, पण पोत्यावरची अक्षरं काही झाकली नाहीत, त्यामुळे राजाच्या सिंहासनावर 'हूक वापरू नये' असं ठळक दिसे. दादारावला म्हाताऱ्या प्रधानाची दाढी पाहिजे होती. बाहेरून आणायला कोण देते? मास्तरनं शेवटच्या वेचणीतला कापूस घेतला, बाभळीच्या डिंकानं एक एक पुंजका चिकटवला, अन् छातीपर्यंत अशी पांढरीशुभ्र दाढी केली की दादारावच्या बायकोनं त्याला ओळखलं नाही. "हे ध्यान बरं दिसते," म्हणाली, "हेच घरी आणा."

खरं सांगतो, नाटक रंगलं. गाव गप बसलं होतं, पण ती गप वेगळी होती. चुगली झाली, प्रधानाला बेड्या पडल्या, कोणी हूं की चूं केलं नाही. गर्दीतून एक टोमणा नाही. विंगेत, म्हणजे बंडीच्या चाकामागे, मास्तर टेप दोन्ही मुठीत आवळून उभा. प्रधान पडला. मी धावत गेलो. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पुढच्या रांगेत बायांनी पदर तोंडाला लावले होते. मी तीन इंच श्वास भरला.

"प्रधानजी, डोळे उघडा!"

आवाज धुऱ्याला गेला. शाळेच्या भिंतीवरून परत आला. अन् माझी बोटं चालू झाली.

मला पत्ताच नाही. मी विलाप करतो आहे, डोळे वर आभाळाकडे, मास्तरनं सांगितल्यासारखे, अन् उजवा हात दाढीतला एक पुंजका धरतो, अलगद पिळा देऊन ओढतो, कमरेच्या शेल्यात टाकतो. "तुमच्या राजाला," दुसरा पुंजका, "एकदा शेवटची," तिसरा, "हाक द्या!" डाव्या हातानंही सुरुवात केली. मी चांगला वेचणारा आहे, हात साफ आहे माझा. मेलेला दादाराव ओठ न हलवता म्हणतो, "महाराज, दाढी... महाराज, दाढी चालली..." मला वाटलं हा वाक्य विसरला, मरताना काहीतरी जोडून बोलतो आहे. मी त्याला दाबून धरला अन् विलाप चालू ठेवला. अर्धी हनुवटी साफ झाली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून गिरजावहिनीचा आवाज आला. धुरा गाठणारा.

"भाऊजी, कवडी ठेवा, चांगला तेवढा वेचा!"

कवडी म्हणजे किडका, डागी कापूस. मी खाली पाहिलं. माझ्या शेल्यात प्रधानाची दाढी. मांडीवर दादाराव, एका बाजूनं म्हातारा अन् एका बाजूनं तरणा. तो मेलेला माणूस पोट धरून हसायला लागला. मग जे सुटलं ते सुटलं. माणसं मातीत लोळली. गुलाब प्रधानाच्या बायकोच्या विलापासाठी आत येणार होता, तो पांढऱ्या साडीत आला, आम्हाला पाहिलं अन् पडदा धरून बसला, पडदा खाली आला, सारा महाल आमच्या अंगावर. अन् त्या पोत्याच्या फटीतून मी पाहिलं, माझा मोठा भाऊ बंडीचं चाक धरून हसत होता. डोळ्यांतून पाणी, तोंड उघडं, आवाज नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचे दात दिसले.

गुलाबचा विलाप झालाच नाही. कोण ऐकणार?

मास्तर माझ्याशी होळीपर्यंत शब्द बोलला नाही. मी पण बोललो नाही. मी काय मुद्दाम केलं होतं? त्यानंच रक्तात घातलं, ते बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गिरजावहिनी डब्यात वांग्याची भाजी अन् भाकर घेऊन दुकानात गेली. मी समोर पारावर पाठ करून बसलो होतो, ऐकू येत होतं.

"मास्तर, तुमचं नाटक आमी बिघडवलं. पण घरचा माणूस काल पोटभर जेवला. बोलला बी."

मास्तरनं मशीन थांबवली. मग म्हणाला, "भाभी, ते जेवायचं नाटक नव्हतं. रडायचं होतं."

पण डबा ठेवून घेतला. होळीला मला बोलावलं, न बोलता छातीचं माप घेतलं अन् म्हणाला, "अजून तीन इंच. पण डोक्यात सरकी." म्हणजे समेट झाला.

ते नाटक पुन्हा लावायचं, असं तो दरवर्षी म्हणे. जमलं नाही. पोट्टे कामाला बाहेर गेले. वावरं सोयाबीनकडे वळली अन् सोयाबीनमध्ये तालीम होत नाही, ते कापून मोकळं होते. रेडिमेड कपडे आले. मास्तरच्या डोळ्याला सुईचं नाक दिसेना. मग महागावहून त्याची मुलगी आली अन् म्हणाली, अब्बा, आता चला. तो चला म्हटल्यावर चालणारा माणूस नव्हता, पण मुलीनं आधी मशीन बांधली. मशीन गेल्यावर तो काय करतो?

निघायच्या दिवशी सारी मंडळी एसटीच्या थांब्यावर. यवतमाळची गाडी, तिथून पुढं महागावची. दादाराव टपावर मशीन चढवत होता. मास्तर खिडकीत बसला, गळ्यात टेप. आम्ही खाली उभे. मास्तरच ओरडला, "अबे, आता तरी रडा ना कोणी! मी चाललो!" आम्ही तोंडं वाकडी करून पाहिली. रडू येईना, हसू येई. दादाराव टपावरून म्हणाला, "मास्तर, दाढी आण, मंग रडतो."

तेवढ्यात गर्दीतून गिरजावहिनी पुढं आली. डोक्यावरचा पदर घट्ट केला. जी बाई चार लोकांत तोंडाला रंग लावत नव्हती, ती भर थांब्यावर खिडकीसमोर उभी राहिली. "मास्तर," म्हणाली, "तुमचा एक विलाप राह्यलाय."

अन् सुरू झाली. "उठा धनी! वाट कोणाची पाहू? दार कोणासाठी उघडं ठेवू?" आवाज असा निघाला की रस्त्यापलीकडच्या हॉटेलातली कपबशी थांबली. दुसऱ्या ओळीला बाकीच्या वेचणाऱ्या बाया मिळाल्या. सगळ्यांना पाठ! इतकी वर्षं झाली, एक शब्द इकडचा तिकडे नाही. छाती बडवून, हात वर करून, धुऱ्यावरून धुऱ्यावर. गाडीतले लोक खिडक्यांतून बाहेर आले. कुत्री उठून गेली.

कंडक्टर नवा होता, परक्या जिल्ह्यातला. तिकिटं फाडता फाडता दारात आला. बायांचा तो कल्लोळ पाहिला, टोपी काढली अन् छातीशी धरली. त्याचा ओठ हलायला लागला. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. मग मास्तरच्या खिडकीपाशी वाकून हळूच विचारलं, "बाबा, कोण वारलं हो?"

मास्तरनं त्याच्याकडे पाहिलं. त्या ओल्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. अन् गंभीर तोंडानं म्हणाला, "आमचे प्रधानजी गेले, साहेब."

"मास्तर," दादाराव टपावरून ओरडला, "मशीन आडवी ठेवू का उभी?"

कंडक्टरनं घंटी मारली तीसुद्धा हळू मारली. गाडी हलली. मास्तर खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून लहान पोट्ट्यासारखा सीटवर उड्या मारत होता. टेप खिडकीबाहेर उडत होता. दादाराव अजून टपावरच होता, कोणाच्या लक्षात नाही. अन् गाडी वळणावर जाईपर्यंत मास्तरचा आवाज येत राहिला, पार पलीकडच्या धुऱ्यापर्यंत.

"महाराज! पाह्यलं का? रडला! रडला रे, रडला!"